दुपार कोणाची?

काशीस बदलून आलेल्या महाराष्ट्रीय नोकरदाराला इथला उन्हाळा दोन प्रश्न विचारतो. पहिला अंगाचा : मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असता हिंडणेफिरणे चालू ठेवावे की नाही? दुसरा जरा अडचणीचा : ऊन सोसणे हा गुण आहे काय? पहिल्याचे उत्तर शेजारीपाजारी न विचारता देतात. दुसऱ्याचे ज्याचे त्याने शोधावयाचे असते.

सोसण्याची थोरवी आपल्याकडे फार. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण सहन करावयास सांगितले आहे. कुमारसंभवातील पार्वती तर भर ग्रीष्मात चार अग्नींच्या मध्ये बसून सूर्याकडे दृष्टी लावते. तेव्हा डोक्याला पंचा गुंडाळून ‘लू’मध्ये निघालेल्या बाबूला आपणही थोडे तप करीत आहो असे वाटले तर नवल नाही. परंतु याच परंपरेतला वाग्भट निराळे बोलतो. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही थंडीत व वसंतात. इतर वेळी त्याहून हलका. आणि ग्रीष्मात व्यायाम व ऊन ही दोन्ही टाळावीत, असा त्याचा दंडक आहे. आम्हांला हा वैद्य तपस्व्यांहून अधिक जवळचा वाटतो. तो शरीराला शत्रू मानीत नाही.

बनारसी माणूसही शरीराशी वैर धरीत नाही. मात्र तो घरातही बसत नाही. ‘बहरी अलंग’ हा इथला खास शब्द. वस्ती सोडून गंगेपलीकडच्या रेतीवर किंवा एखाद्या बागेत जावे, अंगाला तेल चोळावे, जोर-बैठका काढाव्यात, मनसोक्त डुंबावे, ठंडाई घोटावी आणि सावकाश परतावे. नीता कुमार यांनी बनारसच्या कारागिरांवरील १९८८ च्या ग्रंथात या रिवाजाची दखल घेतली आहे. विणकर असो वा धातुकाम करणारा, त्याची मजुरी कामावर ठरे, तासांवर नव्हे. मिळकत थोडी, पण वेळ त्याची स्वतःची. आखाड्यांचेही तेच. तांबडे फुटते न फुटते तोच माती खणून भुसभुशीत केली जाते, आणि ऊन चढण्यापूर्वी पहिलवान घरी परततात. (मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर यांच्या परंपरेतला गोडबोले आखाडा काशीतच उभा राहिला, असे त्या विद्येच्या इतिहासात सांगतात. परमुलखात एवढा अभिमान क्षम्य असावा.)

घाटांवर फिरणाऱ्यानेही घड्याळापेक्षा दगड ओळखावा. इथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेस तोंड करून आहेत. उगवता सूर्य थेट पायऱ्यांवर येतो, म्हणून अस्सीकडून राजघाटाच्या वाटेला लागावयाचे ते अंधार असतानाच. संध्याकाळी वाडे व मंदिरे सावली धरतात खरी; दगड मात्र दिवसभराची उष्णता बराच वेळ परत करीत राहतात.

इथवर सारे आपखुशीचे झाले. आता १ जून २०२४ आठवावा. त्या दिवशी वाराणसीसह उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात लोकसभेचे मतदान होते. उष्म्याने राज्यात ३३ निवडणूक कर्मचारी दगावल्याचे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांत होमगार्ड होते, सफाई कामगार होते. शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. नेमणुकीचा हुकूम एवढी सवड देत नाही. पहिलवान ज्या उन्हातून वेळीच घरी गेला, त्यातच होमगार्ड उभा राहिला. त्याच्या सोसण्याला आम्ही तप म्हणू लागलो, तर ते आमच्या सोयीचे होईल, सत्य होणार नाही. तप त्याचेच, ज्याला आसन सोडून उठता येते.

मतदान थांबत नाही, मल्लाहाची नाव थांबत नाही, मग तुमची पहाटेची रपेट हा निव्वळ चैनीचा भाग नव्हे काय, असे कोणी विचारील. आहेच चैन. ती सोडून आम्ही घरी बसल्याने होमगार्डाला सावली मिळणार नाही, म्हणून ती सोडण्यात आम्हांला पुण्य दिसत नाही. परंतु हुकुमात स्थळ, तारीख आणि हजर होण्याची वेळ कोणी तरी भरतो, आणि तो पुष्कळदा आमच्याच जातीचा, म्हणजे कारकुनाच्या जातीचा असतो. त्याने नुसत्या पाऱ्यावरही विसंबू नये. जूनअखेर पुरवैया वाहू लागली की पारा उतरतो, लोक हुश्श करतात. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि अंग निवण्याचा मुख्य मार्गच अडतो.

अहमदाबादेने २०१० च्या उष्म्याचा धडा घेऊन २०१३ मध्ये उन्हाळ्याची कृतियोजना आखली. ती देशातली पहिली. इतके मोठे काम आमच्या टेबलावर येत नाही. आमच्या माहितीतल्या एका कचेरीत मात्र मे आणि जूनपुरती बाहेरची डाक सकाळी साडेआठच्या आत निघते, आणि उरलेली दुसऱ्या दिवसावर जाते. प्रथम वरून विचारणा झाली, विलंबाचे कारण लेखी मागविले गेले. बाबूंनी ते दिले. शिपाई आता दुपारी जिन्याखालच्या गारव्यात लखोट्यांची वर्गवारी करीत बसतो.