पाहुणा होऊन जावं



थंडी सुरू झाली की भोर-वेल्ह्याकडे पक्षी पाहायला जायचे बेत ठरू लागतात. कुणी भाटघर धरणाचा काठ सुचवतं, कुणी पानशेतचा. दुर्बीण पुसली जाते. डबा कोण आणणार, तेही ठरतं. या तयारीत आणखी एक गोष्ट ठरवू या. पाहुणा होऊन जावं.

पाण्याकाठी शेपटी हलवत करडा धोबी फिरत असतो. त्याची वीण हिमालयातल्या ओढ्यांकाठी होते. हिवाळा काढायला तो इथवर उडत येतो. त्याला हवं असतं थोडं खाणं, थोडी निवांत जागा.

टिटवी मात्र इथलीच. उन्हाळ्यात ती उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती अंडीही खड्यांसारखीच दिसतात. चांगल्या फोटोसाठी आपण पुढे सरकतो. ती ओरडत उठते. अंडी उन्हात तापत राहतात. आपल्याला फोटो मिळतो, तिची अंड्यातली पिल्लं मात्र दगावू शकतात. म्हणून दूरच थांबावं. पाहुणा होऊन जावं.

माणसांच्या बाबतीतही हेच खरं आहे. आवड आहे म्हणून हक्क मिळत नाही. कुणाच्या दुःखात जाताना, मुलांच्या संसारात डोकावताना, स्वतःला विचारावं. माझ्या येण्यानं यांना आधार होतोय, की त्रास? ज्याला हे विचारता येतं, त्याचं प्रेम कुणालाच जड होत नाही.

आज जिथं जाल, तिथं पाहुणा होऊन जा.