आटा आणि जीर्णोद्धार

लष्कराच्या आर्मर्ड कोअर केंद्राने १९९४ साली अहिल्यानगरला उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल, व्हॅलेंटाईन असे ब्रिटिश रणगाडे आणि अमेरिकी पॅटन एकाच आवारात आहेत. अशा वयाचे कुठलेही यंत्र खोलायला घेतले की पहिली गाठ पडते ती गंजलेल्या बोल्टाशी. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि बोल्ट आवळून धरतो. पान्याला पाइप लावून जोर केला की बोल्टाची मान पिळवटते, डोके हातात येते आणि धड आतच राहते. तिथे जो प्रश्न उभा राहतो तो मला धर्मविचारातलाच वाटतो. जीर्णोद्धार करताना आपण नेमके काय वाचवत असतो?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? कशातच रथ सापडत नाही. भाग एकत्र आले की त्यांना दिलेले ते नाव आहे. हा युक्तिवाद मला पटतो, पण यंत्रापाशी तो आणखी पुढे न्यावा लागतो. इथे भागांचे एकत्र येणे हे नुसते नाव नाही, ते धातूत कापलेले असते. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंशांचा; अमेरिकी पद्धतीत तो ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टाला इंचामागे १२ आटे असतात, अमेरिकी जाड आट्याच्या बोल्टाला १३. एकाच्या भोकात दुसरा बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तरीही रेटला तर भोकाचे आटे मरतात. बोल्ट नवा करून घेता येतो. बिडाच्या ओतीव भागातले मूळ भोक एकदा गेले की गेले. म्हणून यंत्राचे ‘तेच’पण शोधायचे तर ते मला या भोकातल्या आट्यात दिसते, जिथे एक भाग दुसऱ्याला सामावून घेतो. मोडका बोल्ट काढणाऱ्याची बांधिलकी बोल्टाशी नाही, भोकाशी आहे.

याचा मोठा दाखला याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. नेवाशाला पैस खांबापाशी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करताना तिच्यात चुकीचे पाठ शिरले आणि रुतून बसले. एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ते स्वतः समर्थ कवी होते. अडलेल्या जागी आपली सरस ओवी बसवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही, आणि पुढे कोणी तशी भर घालू नये म्हणून बजावूनही ठेवले. भोक मोठे करून नव्या मापाचा आटा पाडणे हे कारागिराच्या हाती असतेच, आणि काम अडले तर ते करावेही लागते. पण आधी मूळ माप शोधायचे, शिरलेले तेवढे काढायचे, हा क्रम एकनाथांचा आहे.

कोणी म्हणेल, गीताच जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यायला सांगते, मग जुन्या लोखंडाचा एवढा मोह कशाला? या दृष्टांतात वस्त्र टाकणारा मात्र टिकतो. इथे वस्त्र म्हणजे बोल्ट. तो खुशाल टाकावा, त्याच्यासाठी हळहळू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्यांचे नाव आज जिल्ह्याला आहे, त्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी सोमनाथला जुन्या भग्न मंदिराजवळ नवे मंदिर बांधलेच ना? बांधले, आणि ते योग्यच होते. मूळ वास्तूच उरली नसेल तेव्हा नवे उभारणे हीच सेवा. फक्त ती वेळ खरोखर आली आहे की आपला धीर सुटला आहे, हे प्रामाणिकपणे तपासावे. गंज हाही इतिहासच, तो का काढायचा, असेही विचारले जाते. पत्र्यावरचा डाग राहू द्यावा. आट्यातला गंज मात्र फुगत राहतो आणि ज्याचा इतिहास सांगायचा त्यालाच फोडतो.

उरतो निर्जीवाचा मुद्दा: लोखंडाला कसली आली सेवा? खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो, पण त्याचा आधार मी घेणार नाही. भोकात आटा पाडणाऱ्याने तो कधीतरी कोणीतरी उघडेल म्हणूनच पाडला. कायमचे बंद करायचे असते तर त्याने रिव्हेट ठोकली असती. ज्याला तो कधी भेटणार नव्हता अशा माणसावर त्याने विश्वास टाकला. आपली बांधिलकी त्या विश्वासाशी आहे, म्हणून घाई करायची नाही. गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबायचे. हातोडीने हलके ठोके द्यायचे, मग भोवतालचा भाग तापवायचा. जमल्यास मोडक्या तोंडावर नट वेल्ड करून फिरवून बघायचा, आधी किंचित आवळून, मग सैल करून. काहीच चालले नाही तर सेंटर पंचने बरोबर मध्यावर खूण करून बारीक ड्रिल चालवायचा आणि एकेक माप वाढवत जायचे. बोल्टाची भिंत कागदाएवढी उरली की थांबायचे. मग टोच्याने कड उचकटली की उरलेला आटा बारीक स्प्रिंगसारखा वेटोळे घेत बाहेर येतो, आणि खाली मूळ आट्याची चकचकीत धार दिसते.