मुलांच्या हाती दीप द्या

आसगावच्या उपासक-उपासिकांनो,



पौर्णिमेला आपण विहारात जमतो. वडीलधारी बोलतात. सहावी-सातवीची मुले सतरंज्या अंथरतात, मुकाट ऐकतात आणि सतरंज्या गुंडाळून घरी जातात. उद्याचे पुढारी म्हणून आपण त्यांच्याकडेच बोट दाखवतो. पण केवळ मुकाट बसायला शिकलेले मूल पुढारी कसे होईल? ते कोणाच्या तरी मागे चालेल, एवढेच.

राहुल संघात आला तेव्हा सात वर्षांचा होता. भगवंतांनी त्याला नुसती आज्ञा पाळायला सांगितले नाही. आरसा कशासाठी असतो, असे विचारले. मग शिकवले की, कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर स्वतःच तपासावे : हिच्याने मला वा दुसऱ्याला दुःख होते काय? चूक झाली तर जाणत्यांपुढे उघड सांगावी व पुढे सावध राहावे. स्वावलंबनाचा हा पहिला धडा.

दुसरा धडा संघाचा. ठराव मांडायचा, संमती विचारायची, मतभेद झाल्यास शलाकांनी मते मोजायची, ही संघाची रीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या या परंपरेची आठवण दिली. त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोकाही सांगितला.

आपल्या शेजारच्या पवनीत, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली प्राचीन स्तूपाचे उत्खनन झाले. तेथील दगडांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. अनेकांनी आपापला वाटा उचलला, म्हणून स्तूप उभा राहिला.

तसा वाटा मुलांनाही द्या. रविवारची वंदना पाचवी ते आठवीच्या मुलामुलींवर सोपवा. प्रमुख त्यांनी मताने निवडावा, दर महिन्याला बदलावा. मुलींची पाळी चुकवू नये. मेणबत्ती-अगरबत्तीचा हिशेब त्यांनीच लिहावा व सभेत वाचावा. रोवणीच्या दिवसांत एखादा सोबती शाळेत दिसला नाही, तर त्याच्या घरी आधी त्यांनी जावे; आईबापांशी बोलण्याचे काम मोठ्यांनी करावे.

हिशेब चुकेल, वंदना अडखळेल. तेव्हा वही हिसकावू नका. राहुलाला शिकवलेले तेच प्रश्न विचारा व थांबा. उत्तर मुलाला शोधू द्या.

स्वतःचा दीप स्वतः व्हावे, हा भगवंतांचा उपदेश आपण मुलांना ऐकवतो. पण काडी मात्र आपल्याच मुठीत ठेवतो. बंधूंनो, भगिनींनो, ती मूठ उघडा.

नमो बुद्धाय! जयभीम!