परिपत्रकाचा फोटो

अधीक्षक : सर, जिंतूरच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून बघा. परीक्षा अर्जाची मुदत वाढल्याचं पत्र संध्याकाळी निघतं. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून लगेच संकेतस्थळावर टाकला, तर शेकडो पोरांचं काम होतं. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ते वाचत नाही, मान्य. पण त्या एकासाठी बाकीच्यांना थांबवायचं का? आज बहुतेकांना की उद्या सगळ्यांना, यातलं एक निवडावंच लागतं.

लेखक : निवडावंच लागतं का, हे आधी तपासू, भाऊसाहेब. ते पत्र संगणकावरच टाइप झालेलं असतं. मग आपण ते छापतो, सही-शिक्का घेतो आणि कागदाचा फोटो परत संगणकात घालतो. स्क्रीन रीडरला अक्षरं लागतात, फोटोत ती नसतात. म्हणजे मूळ फाईल त्या मुलाला वाचता येत होती. ती वाचता येऊ नये इतके जादा श्रम आपण घेतले. सही हवीच असेल तर स्कॅन ठेवा आणि शेजारी मूळ मजकूर टाका. तसं पाहिलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्यानं २००० सालीच डिजिटल सहीला मान्यता दिली आहे, म्हणजे सहीसाठी कागद छापायलाच हवा असं नाही. मूळ मजकुराला अट एकच, तो युनिकोडमध्ये हवा. जुन्या फाँटातलं मराठी पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ असतो, आणि स्क्रीन रीडर तोच मोठ्यानं वाचतो. नव्या कागदांपुरता तुमचा पेच आपणच घडवलेला आहे.

अधीक्षक : आणि जुना ढीग? प्रश्नपत्रिका, नियमावल्या, वर्षानुवर्षांचे स्कॅन? तोवर कुणी फोन केला तर आम्ही वाचून दाखवतोच की.

लेखक : ढिगाचा पेच खरा आहे. अमेरिकेत बर्कली विद्यापीठावर तो आला होता. कर्णबधिरांच्या गॅलोडेट विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांनी तक्रार केली की बर्कलीची मोफत व्याख्यानं आम्हाला समजू शकत नाहीत, कारण त्यांना नीट उपशीर्षकं नाहीत. २०१६ मध्ये न्याय खात्यानं दोष दाखवला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये विद्यापीठानं वीस हजारांहून अधिक ध्वनि-चित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. तेव्हा कर्णबधिरांच्या पदरी काहीच पडलं नाही. उलट इतरांचा रोष मात्र त्यांच्या वाट्याला आला. म्हणून जुनं काढून टाका असं मी म्हणणार नाही. क्रम लावा. ज्याला मुदत आहे किंवा ज्यात पैसा अडकतो, ते प्रवेश, अर्ज, शिष्यवृत्ती, निकाल आधी. मग चालू अभ्यासक्रम. उरलेलं मागणी आल्यावर, पण किती दिवसांत देणार ते तिथेच लिहून.

फोनवरच्या वाचनात माणुसकी आहे, हक्क नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनं २०१४ मध्ये हा फरक नेमका मांडला: सुगम्यता कुणी मागण्याआधीच तयार असावी लागते, आणि व्यक्तीपुरती सोय मागितल्यावर करायची असते. दुसरी केली म्हणून पहिली माफ होत नाही. तुमचा फोन कार्यालयाच्या वेळेत उचलला जातो, ऑनलाइन मुदत मात्र मध्यरात्री संपू शकते. शिवाय गुण, जात, बँक खातं हे सगळं त्या मुलानं तिऱ्हाइताला का सांगायचं? जिंतूरची महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली, म्हणजे विद्यापीठ परक्या जिल्ह्यात. डोळस पोरगा एसटी पकडून तिथल्या खिडकीशी भांडून तरी येईल. ज्याला तो प्रवासच अवघड, त्याच्यासाठी संकेतस्थळ हेच विद्यापीठ असतं.

अधीक्षक : पण असे विद्यार्थी आमच्याकडे येतात किती? आणि संकेतस्थळ सुगम करण्याच्या तर नुसत्या मार्गदर्शक सूचना आहेत, सक्ती कुठे आहे?

लेखक : जो अर्जच भरू शकला नाही, तो तुमच्या हजेरीपटावर दिसणार कसा? कमी आकडा हा गरज नसल्याचा पुरावा नव्हे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. अपंग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखल्या. जागा राखायची आणि तिथवर नेणारा अर्ज वाचता येऊ द्यायचा नाही, हे कसं चालेल? सक्तीचं म्हणाल, तर राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकं हेच म्हटलं: कायदा बंधनकारक असताना त्याखालच्या नियम १५(१) ला सुगम्यता नुसत्या शिफारशींवर सोडता येत नाही. तो नियम कायद्याशी विसंगत ठरला. एप्रिल २०२५ मध्ये तर डिजिटल सेवा गाठता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला.

अधीक्षक : संकेतस्थळावर अक्षर लहान-मोठं करायची बटणं तर आम्ही लावलीत.

लेखक : फोटोतलं अक्षर त्या बटणानं मोठं होत नाही, भाऊसाहेब! एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो चालू करा, माऊस बाजूला ठेवा, पडदा बंद करा आणि नुसत्या कळफलकावर स्वतःचाच अर्ज भरून बघा. कुठे अडतं ते यादीनिशी कळेल. गणिताची सूत्रं, आकृत्या, मराठी व्याख्यानांची उपशीर्षकं यांना मात्र माणसं आणि पैसा लागेल, हे मी नाकारत नाही. तिथे ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे. फक्त कधीपर्यंत, ती तारीख लिहून द्या.