नारळ आणि खबरदारी

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीतून कुणाचं पोर परदेशी शिकायला निघालं, की आधी देवापुढे नारळ फुटणार. मग देवावर हवाला टाकून वर खबरदारी घेणं, हा अविश्वास का?

१८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी पतीविना अमेरिकेला निघाल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असा तो काळ. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असं त्यांनी सेरामपूरच्या सभेत ठणकावलं. शब्द पाळलाही. पण फिलाडेल्फियाच्या थंडीत प्रकृती ढासळली. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या.

परमुलखात त्यांना आधार होता कार्पेंटर नावाच्या एका अमेरिकन बाईंचा. ही ओळख आधीच पत्रांतून जुळवलेली.

श्रद्धा आणि सावधपणा आनंदीबाईंमध्ये एकत्र नांदले. तेव्हा पोरांनो, नारळ जरूर फोडा. पण विमा उतरवा, पासपोर्टची प्रत घरी ठेवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवा.