पडद्याचे रूप, यंत्राचे काम

संगणकाची प्रणाली निवडताना आपण आधी पडद्याचे रूप पाहतो. त्यात गैर नाही; देखण्या जागी मन रमते. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि कितीतरी धडधाकट यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसेनात. त्यांवर लिनक्स विनामूल्य चालते. साधे रूप पत्करले तर चपळही राहते. इन्स्क्रिप्ट कळफलकात मराठी आणि कन्नड ‘क’ची कळ एकच, आणि ती सोय दोन्ही प्रणालींत आहे. आपल्या सीमाभागातील मुलांचे लेखन कुठेच अडत नाही. मग केवळ रूपाच्या हौसेपायी चालते यंत्र भंगारात घालावे काय? घरी ज्याने त्याने ठरवावे. शाळेत मात्र पैसा पालकांच्या घामाचा. तिथे मुख्याध्यापक म्हणून मी काम आधी पाहीन, रूप नंतर.