न मिळालेल्या टोपीनंतर

खेळाडूची कारकीर्द मोजताना आपण फार घाई करतो. ‘देशाकडून खेळला का?’ एवढंच विचारतो आणि उत्तर ‘नाही’ आलं की पुढचं ऐकायला थांबत नाही. धुळे-जळगावसारख्या जिल्ह्यांत या घाईचा फटका जास्त बसतो. इथल्या बहुतेक चांगल्या खेळाडूंची वाट जिल्हा, विद्यापीठ, फार तर राज्याच्या शिबिरापर्यंत जाते. तिथे ती थांबली की तो माणूस खेळाच्या हिशेबातूनच वजा होतो. मुंबईचे फलंदाज अमोल मुझुमदार यांची वाटचाल इतकी वर्षं दुरून पाहताना हा हिशेब चुकीचा आहे, याची मला खात्री पटत गेली.

१९८८ साली मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. रमाकांत आचरेकर सरांच्या त्याच संघात पुढचे फलंदाज मुझुमदार होते. पॅड बांधून ते बसून राहिले; पाळी आलीच नाही. १९९३-९४च्या मोसमात रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध त्यांनी २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातला तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. पण भारताच्या मधल्या फळीत लवकरच तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असे चौघे ठाण मांडून बसले. मुझुमदार धावा काढत राहिले. २००६-०७ मध्ये ते मुंबईचे कर्णधार होते. बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात मुंबईचे पाच गडी शून्यावर गेले, तरी तो सामना मुंबईने जिंकला आणि पुढे रणजी करंडकही. त्यानंतर आसाम, मग आंध्र. २०१४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १७१ प्रथम श्रेणी सामने, ३० शतकं आणि ११,१६७ धावा होत्या. भारताची टोपी मात्र नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५च्या विश्वचषकात या संघाने दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडविरुद्ध लागोपाठ तीन सामने गमावले. इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढून विजय खेचून आणला. मूळ संघात नसलेली शेफाली वर्मा प्रतिका रावलच्या दुखापतीमुळे आयत्या वेळी आली आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात ८७ धावा काढून व दोन बळी घेऊन सामन्याची मानकरी ठरली. वगळल्याची सल आणि आयत्या वेळच्या बोलावण्याची धास्ती ज्याला ठाऊक आहे, असा माणूस त्या ड्रेसिंगरूममध्ये असणं किती मोलाचं असेल! विश्वचषक जिंकल्यावर कर्णधार हरमनप्रीत कौर मुझुमदारांच्या पाया पडली.

हे क्रिकेटपुरतंच खरं नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू ग्रॅहम पॉटर डाव्या बगलेचा बचावपटू. बर्मिंगहॅम, स्टोक, साउदम्प्टन, वेस्ट ब्रॉम, यॉर्क, बोस्टन, मॅकल्सफील्ड असा क्लब बदलत राहिला. प्रीमियर लीगचे सामने वाट्याला आले आठ. २०११ मध्ये तो स्वीडनच्या ऑस्टरसुंड गावी चौथ्या श्रेणीतला संघ शिकवायला गेला. त्या संघाला त्याने पहिल्या श्रेणीत नेलं, २०१७ मध्ये स्वीडिश चषक जिंकून दिला आणि पुढच्या वर्षी युरोपा लीगमध्ये आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर हरवलं.

अशी माणसं मी आमच्या खान्देशातही पाहिली आहेत. धुळ्याच्या गरुड मैदानावर सकाळी फेरी मारली की एखादं भेटतंच. माझा एक मित्र विद्यापीठाच्या संघाकडून खेळला. निवड चाचणी पुण्याला असली की रात्रीची एसटी पकडायची, उजाडता उतरून थेट मैदान गाठायचं, आणि यादी लागली की आपलं नाव राखीव खेळाडूंत शोधायचं, हे त्याचं तारुण्य. पुढे नोकरी लागली, संसार झाला. आता तो पहाटे पोरांना शिकवतो. ज्या मुलाचं नाव जिल्ह्याच्या यादीतून गळलं, त्याला तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी नेटमध्ये उभं करतो आणि त्या दिवशी यादीबद्दल चकार शब्द काढत नाही. ही रीत त्याला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. आपल्याशी कुणी असं वागायला हवं होतं, हे त्याला उमगलेलं आहे.

उपजत गुणवत्तेच्या खेळाडूला पुष्कळ गोष्टी विचार न करता साधतात, म्हणून त्या दुसऱ्याला उलगडून सांगणं त्याला अवघड जाऊ शकतं. बेताच्या गुणवत्तेच्या खेळाडूला मात्र प्रत्येक धाव विचार करून काढावी लागते. चूक कुठे झाली, पाय कुठे अडकला, हे त्याने स्वतःसाठी शंभरदा शोधलेलं असतं. तेच पुढे शिकवायला उपयोगी पडतं.

तरीही नुसती हुकलेली संधी कुणाला गुरू बनवत नाही. आपलं अपुरं स्वप्न पोरांच्या डोक्यावर लादणारे आणि निवड समितीवरचा जुना राग त्यांच्यात पेरणारे प्रशिक्षकही असतात. शिकवणं वेगळं शिकावं लागतं. पॉटरने खेळत असतानाच पदवीचा अभ्यास केला, नंतर नेतृत्व आणि भावनिक बुद्धिमत्ता या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. मुझुमदार नेदरलँड्स, राजस्थान रॉयल्स, दक्षिण आफ्रिका अशा संघांच्या फलंदाजांबरोबर काम करून मग मुंबईचे आणि भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. आपल्याकडेही पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम आहे, क्रिकेट मंडळाचे प्रशिक्षकांसाठीचे वर्ग आहेत. धुळ्या-जळगावच्या निवृत्त खेळाडूला तिथवर जायला अडवतात त्या दोन गोष्टी: खर्च आणि रजा.

म्हणून शाळा, महाविद्यालयं आणि जिल्हा संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे. गेल्या वीस-तीस वर्षांत जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून खेळलेल्यांची यादी करा. शिकवायची ओढ आणि धीर असलेली माणसं त्यातून निवडा, त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचला आणि त्यांना सन्मानाचं मानधन द्या. टोपी त्यांना मिळाली नाही; पुढच्या पोराला ती मिळवून देण्याचं काम तरी त्यांच्या हाती सोपवूया.